छोटी इलेक्ट्रिक मोटार अडली, तर शंका कोणत्या क्रमाने घ्यावी

लहान इलेक्ट्रिक मोटारीत काही बिघडले की मालकाला पहिली धास्ती वाटते ती मुख्य बॅटरीची, कारण गाडीतला सर्वांत महाग भाग तोच असतो. प्रत्यक्षात गाडी जागच्या जागी अडवणारे दोष बहुतेक वेळा साध्या आणि स्वस्त ठिकाणी सापडतात: १२ व्होल्टची छोटी बॅटरी, चार्जिंगची केबल, भिंतीवरचे सॉकेट आणि त्याचे अर्थिंग, टायरमधली हवा, गंजलेले ब्रेक. म्हणून तपास स्वस्त भागापासून सुरू करून महाग भागाकडे न्यावा आणि मुख्य बॅटरीवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. या क्रमाला एकच अपवाद आहे. गाडीखालून धूर, जळकट किंवा गोडसर रासायनिक वास किंवा फुसफुसण्याचा आवाज येत असेल, तर तपास न करता सर्वांनी गाडीतून उतरून दूर जावे आणि अग्निशमन दलाला कळवावे.

कोणताही दोष दिसला की आधी डॅशबोर्डचा फोटो काढावा. सूचना कोणती होती, चार्ज किती टक्के होता, हवा थंड, गरम की पावसाळी होती, हीटर किंवा एसी चालू होता का, गाडी नुकतीच चार्जरवरून काढली होती का, एवढे लिहून ठेवल्यास पुढचे काम निम्मे होते. इलेक्ट्रिक गाडीतले बरेच दोष येतात आणि जातात. सर्व्हिस सेंटरमध्ये पोहोचेपर्यंत दिवा विझलेला असतो आणि तिथले लोक ‘गाडी ठीक आहे’ म्हणून परत पाठवतात. अशा वेळी हा फोटो आणि ही टिपणे उपयोगी पडतात.

छोट्या बॅटरीचा मोठा उपद्रव

बहुतेक छोट्या इलेक्ट्रिक मोटारींच्या मुख्य बॅटरीचा दाब साधारण ३०० ते ४०० व्होल्ट असतो. सुरक्षिततेसाठी गाडी बंद असताना ही बॅटरी बाकीच्या गाडीपासून पूर्ण तोडलेली असते. ती गाडीला जोडणारे जाड स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, चालू करण्यासाठी लागणारी वीज मात्र १२ व्होल्टच्या बॅटरीतून येते. त्यामुळे मुख्य बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही छोटी बॅटरी उतरली तर गाडी सुरू होत नाही, कुलूप उघडत नाही आणि चार्जिंगही सुरू होत नाही. पेट्रोल गाडीत स्टार्टर जड फिरू लागतो आणि बॅटरी म्हातारी झाल्याची वर्दी आधी मिळते. इथे स्टार्टरच नसल्याने तशी वर्दी मिळत नाही आणि काल उत्तम चालणारी गाडी आज निपचित पडते.

एकमेकांशी संबंध नसलेल्या सूचना एकाच वेळी दिसल्या, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि मोटर यांचे दिवे एकत्र लागले, तर चार भाग एकदम बिघडल्याचे मानू नये. छोट्या बॅटरीचा दाब खाली गेला की निरनिराळे कंट्रोलर अर्धवट जागे होतात, एकमेकांचे संदेश त्यांना मिळत नाहीत आणि प्रत्येक जण आपापली तक्रार नोंदवतो. पडदा मध्येच काळा होणे, गाडी ‘रेडी’ (चालवण्यास तयार) न होणे आणि ॲपवर गाडी न सापडणे ही लक्षणेही याच कुळातली आहेत.

तपासणीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. बोनेट आधी उघडून ठेवावे, गाडी लॉक करून दोन-तीन तास निवांत राहू द्यावी आणि मग किल्ली दूर ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजमाप घ्यावे; दार उघडले की गाडी जागी होते आणि आकडा फसवा येतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीत १२.६ व्होल्टच्या आसपासचा आकडा पूर्ण चार्ज दाखवतो, १२.२ म्हणजे ती जवळजवळ अर्धी उतरलेली असते आणि १२ च्या खाली ती रिकामीच समजावी. यानंतर गाडी ‘रेडी’ करून पुन्हा मोजावे. आता आकडा १३ ते १४.७ च्या दरम्यान गेला, तर मुख्य बॅटरीतून छोटी बॅटरी भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर काम करतो आहे. आकडा जराही वर सरकला नाही, तर दोष कन्व्हर्टरमध्ये किंवा त्याच्या फ्यूजमध्ये असण्याचा संभव आहे. हे न पाहता नवी छोटी बॅटरी बसवली, तर तीही काही दिवसांत उतरते.

बॅटरी चांगली असूनही वारंवार उतरत असेल, तर गाडीला झोपू न देणारी वस्तू शोधावी. पार्किंगमध्येही चालू राहणारा डॅशकॅम, ट्रॅकर, ओबीडी सॉकेटमध्ये (दोष तपासण्याचे यंत्र जोडायच्या जागी) कायम लावून ठेवलेला ब्लूटूथ डोंगल आणि दर थोड्या वेळाने ॲप उघडून चार्ज पाहण्याची सवय ही नेहमीची कारणे आहेत. गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवायची असेल, तर ‘चार्जरला जोडलेली आहे, म्हणजे छोटी बॅटरीही भरत राहील’ हे गृहीत धरू नये. अनेक मॉडेलांत मुख्य बॅटरी भरली की चार्जर झोपतो आणि त्याच्याबरोबर कन्व्हर्टरही.

छोटी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. बदलताना मूळ एजीएम (काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषलेली) असेल तर एजीएमच घ्यावी, वायुनलिका असेल तर ती पुन्हा जोडावी आणि काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद सॉफ्टवेअरमध्ये करावी लागते, ते मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे. रस्त्यात अडल्यास मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या टोकांवर जंप स्टार्टर लावता येतो. गाडी ‘रेडी’ झाली की तास-दीड तास तशीच ठेवावी. मात्र इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्या गाडीला जंप देऊ नये. कन्व्हर्टर पेट्रोल गाडीच्या स्टार्टरचा मोठा करंट पुरवण्यासाठी बनवलेला नसतो आणि बहुतेक उत्पादक ते स्पष्टपणे मना करतात.

चार्ज होत नसेल तर

इथे पहिली पायरी हास्यास्पद वाटेल इतकी साधी आहे: गाडीत किंवा चार्जरच्या ॲपमध्ये चार्जिंगची वेळ ठरवून ठेवलेली नाही ना, ते पाहावे. सॉफ्टवेअर अपडेटनंतर अशी वेळ आपोआप चालू झालेली आढळते आणि मालक चार्जर दुरुस्तीला पाठवतो.

त्यानंतर एकेक गोष्ट बदलून पाहावी: तीच केबल दुसऱ्या ठिकाणी, दुसरी केबल त्याच ठिकाणी, आणि शक्य असल्यास त्याच चार्जरवर दुसरी गाडी. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर दोष घरात, केबलमध्ये की गाडीत, हे कोणतेही उपकरण न वापरता ठरवता येते. दोष गाडीत आहे असे दिसल्यास एसी (घरात येते ती, प्रत्यावर्ती वीज) आणि डीसी (बॅटरीत असते ती, एकदिश वीज) चार्जिंग वेगवेगळे तपासावे. एसी चार्जिंगमध्ये वीज गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरमधून जाते. जलद डीसी चार्जिंगमध्ये ती त्याला वगळून थेट बॅटरीकडे जाते. डीसीवर गाडी व्यवस्थित भरते पण एसीवर भरत नाही, तर संशय ऑनबोर्ड चार्जरवर आणि त्याच्या फ्यूजवर येतो. उलट एसी चालते आणि डीसी चालत नाही, तर डीसीचे कॉन्टॅक्टर, चार्जिंग सॉकेटमधला तापमानाचा सेन्सर किंवा गाडी आणि चार्जर यांच्यातला संवाद पाहावा. दोन्ही बंद असतील, तर पुन्हा मागे जाऊन छोटी बॅटरी तपासावी.

एसी चार्जर आणि गाडी यांच्यात ‘कंट्रोल पायलट’ नावाच्या एका बारीक तारेवरून सतत बोलणे चालते. त्या संकेतातूनच गाडीला किती ॲम्पिअर ओढण्याची मुभा आहे ते कळते. ही पिन मळली किंवा सैल झाली, की चार्जिंग सुरू होऊन काही सेकंदांत थांबते. गाडीच्या आणि प्लगच्या पिना टॉर्चच्या उजेडात पाहाव्यात. हिरवट थर, काळसरपणा किंवा वितळलेले प्लास्टिक दिसल्यास ती केबल वापरू नये. धूळ असेल तर वीज तोडल्यावर कोरड्या मऊ ब्रशने काढावी. तेल किंवा ग्रीस लावण्याचा मोह टाळावा.

अर्थिंग हा बऱ्याच ‘बिघडलेल्या’ चार्जरांचा खरा आजार असतो. अर्थिंग नसल्याचे किंवा कमकुवत असल्याचे आढळले तर चार्जर वीज सोडतच नाही, आणि ते योग्यच आहे. काही गाड्या याबाबत जास्तच काटेकोर असतात. रेनो झोईमध्ये चार्जिंगसाठी मोटरच्याच वेटोळ्यांचा वापर केलेला असल्याने ती अर्थिंगच्या गुणवत्तेबाबत विशेष हळवी मानली जाते. अशा वेळी अर्थिंगची पिन काढून टाकणे किंवा न्यूट्रलला अर्थ जोडून चार्जरला फसवणे हा जिवावर बेतणारा ‘जुगाड’ आहे. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घेऊन ते दुरुस्तच करून घ्यावे.

घरगुती सॉकेटवर चार्ज करताना उष्णता हाताने तपासावी. पहिल्या तासाभरात प्लग कोमट होणे चालते, हात ठेववत नाही इतका तापला तर सॉकेटमधली पकड सैल झालेली आहे आणि ते बदलायलाच हवे. घरगुती सॉकेटवर रात्रभर चार्जिंग करायचे असल्यास १० ॲम्पिअरच्या वर जाऊ नये. एक्स्टेन्शन बोर्ड टाळावा. वायरचे गुंडाळे केलेला तर अजिबात वापरू नये. ब्रेकर कधी पडतो यालाही अर्थ असतो: केबल लावताच पडला तर ओल किंवा इन्सुलेशनचा दोष, दोन-तीन तासांनी पडला तर बहुधा त्या वायरिंगवर जास्त भार.

प्लग गाडीत अडकून बसण्याचा प्रकार लहान असला तरी घाबरवणारा असतो. सॉकेटमधली लॉकची छोटी पिन आत न गेल्याने असे होते. गाडी लॉक करून पुन्हा अनलॉक करावी, प्लग किंचित आत दाबून पुन्हा ओढून पाहावा, आणि तरीही न सुटल्यास बोनेटखाली किंवा डिकीत असलेली आपत्कालीन दोरी वापरावी. ती नेमकी कुठे आहे हे गाडी घेतल्यावर लगेच पाहून ठेवणे बरे.

रेंज कमी झाली: खप वाढला की क्षमता घटली?

‘पूर्वी इतके जायची, आता जात नाही’ या तक्रारीच्या पोटात दोन वेगळे प्रश्न असतात आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच चांगल्या बॅटरीला नावे ठेवली जातात. पहिला प्रश्न दर किलोमीटरला वीज किती लागते, हा. लहान गाडीला साध्या हवेत साधारण ११० ते १५० वॉट-तास प्रति किलोमीटर लागतात. कडाक्याच्या थंडीत हीटर लावून लहान-लहान फेऱ्या केल्या तर हाच आकडा २०० च्या पुढे जातो. डॅशबोर्डवर सरासरी खप वाढलेला दिसत असेल, तर टायरमधली हवा, बदललेले टायर, चाकांचे अलाइनमेंट, घासणारा ब्रेक आणि वेग यांकडे पाहावे. नवे टायर घेताना कमी घर्षणाचे न घेतल्यास रेंज लगेच घटते, आणि दुकानदार हे सहसा सांगत नाही.

खप तोच आणि रेंज मात्र कमी, असे असेल तर क्षमता मोजावी. गाडी २० टक्क्यांपर्यंत उतरू द्यावी, मग एकाच बैठकीत १०० टक्क्यांपर्यंत एसीवर भरावी आणि चार्जरच्या मीटरवर किती युनिट गेले ते टिपावे. समजा २० युनिट गेले. चार्जिंगमध्ये साधारण १० ते १५ टक्के वीज उष्णतेत जाते. १२ टक्के धरले तर बॅटरीत १७.६ युनिट पोहोचले. हे ८० टक्क्यांचे माप असल्याने पूर्ण क्षमता २२ युनिट होते. नव्या गाडीत वापरता येणारी क्षमता २४ असेल, तर आरोग्य सुमारे ९२ टक्के आहे. ही पद्धत ढोबळ आहे, पण दर सहा महिन्यांनी त्याच चार्जरवर आणि तशाच हवेत केली तर कल नेमका दिसतो. बऱ्याच उत्पादकांची बॅटरीवरील हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर आणि ७० टक्क्यांच्या आसपासच्या क्षमतेची असते. ती संपण्याच्या आधीच्या वर्षात हे मोजमाप न चुकता करावे आणि आकडा सीमेजवळ असल्यास अधिकृत चाचणी लेखी मागावी.

क्षमता घटण्याचे मोठे कारण उष्णता, आणि त्यातही भरलेल्या बॅटरीची उष्णता. निसान लीफच्या सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरी थंड करणारी कोणतीही सक्रिय यंत्रणा नव्हती. २०१२ मध्ये ॲरिझोनाच्या उन्हातल्या मालकांनी क्षमता भराभर घटल्याच्या तक्रारी केल्या, तेव्हा हा मुद्दा सर्वांच्या लक्षात आला. द्रव-शीतकरण नसलेली गाडी असेल, तर उन्हात दूरवर चालवून लगेच डीसी चार्जरवर लावू नये आणि १०० टक्के भरून दिवसभर उन्हात उभी ठेवू नये. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारच्या बॅटरीसाठी रोजच्या वापरात ८० टक्क्यांवर थांबणे हिताचे आहे.

एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरीचे गणित थोडे निराळे आहे. तिच्या मधल्या टप्प्यात व्होल्टेज जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे नेमका किती चार्ज उरला याचा अंदाज गाडीला चुकत जातो आणि १५ टक्क्यांवरून आकडा एकदम ५ वर उडी मारतो. उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे, बहुधा आठवड्यातून एकदा, ती पूर्ण भरून थोडा वेळ चार्जरवरच ठेवल्यास मोजणी पुन्हा जागेवर येते. हा उपाय करूनही उडी तशीच राहिली, किंवा २०-२५ टक्के चार्ज असताना चढावर डॅशबोर्डवर अचानक ‘कासव’ (ताकद मर्यादित केल्याचे चिन्ह) दिसून गाडी मंदावली, तर एखादा कमजोर सेल असू शकतो. ओबीडी रीडर आणि योग्य ॲप असल्यास सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक पाहावा. उभ्या गाडीत मधल्या चार्जवर तो काही मिलिव्होल्टच्या घरात असतो. एकच सेल जोर पडताच इतरांपेक्षा खूप खाली जात असेल, तर संपूर्ण बॅटरी न बदलता ते मॉड्यूल बदलता येते का, हे विचारावे.

पावसात उगवणारी इन्सुलेशनची सूचना

उच्च दाबाचे मंडळ गाडीच्या पत्र्यापासून पूर्ण अलग असते आणि गाडी हा अलगपणा सतत तपासत राहते. कुठेही विजेची गळती झाली की सूचना येते आणि पुढच्या वेळी गाडी ‘रेडी’ होण्यास नकार देते. ही सूचना फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर येत असेल, तर एखाद्या कनेक्टरमध्ये पाणी शिरते आहे. हीटर लावल्यावरच येत असेल तर विजेचा हीटर, आणि एसी लावल्यावर येत असेल तर कॉम्प्रेसर संशयित ठरतो. यातही एसीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. विजेवर चालणाऱ्या बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये वीज न वाहू देणारे पीओई तेल असते. गॅस भरणाऱ्याने पेट्रोल गाड्यांचे यंत्र तसेच लावून पीएजी तेलाचा अंश आत सोडला, की इन्सुलेशन ढासळते आणि महिनाभराने आलेल्या दोषाचा संबंध त्या कामाशी कोणी जोडत नाही. एसीचे काम देण्याआधी तेल कोणते वापरणार, हे विचारूनच घ्यावे.

मालकाने करायची तपासणी इथे संपते. नारिंगी रंगाच्या केबल, त्यांची कनेक्टर आणि त्यांना जोडलेली झाकणे घरी उघडू नयेत; गाडी बंद केल्यावरही इन्व्हर्टरच्या, म्हणजे बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणाऱ्या भागाच्या, कपॅसिटरमध्ये काही मिनिटे प्राणघातक दाब राहू शकतो.

ब्रेक, आवाज आणि बाकीच्या गोष्टी

रीजनरेटिव्ह ब्रेकिंगमुळे (‘रीजेन’, म्हणजे मंदावताना मोटरने वीज परत बॅटरीत भरणे) साधे ब्रेक फारसे वापरले जात नाहीत, आणि न वापरल्यामुळेच खराब होतात: डिस्क गंजतात, कॅलिपरच्या सरकपिना जाम होतात. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर रीजेनची पातळी कमी करून चार-पाच वेळा ब्रेक जोराने दाबावा. फेरीनंतर एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापलेले लागले, तर तिथला कॅलिपर अडकलेला आहे. बॅटरी पूर्ण भरलेली किंवा फार थंड असताना रीजेन कमी होते आणि गाडी नेहमीप्रमाणे आपोआप मंदावत नाही. हा दोष नव्हे, पण पहिल्या उतारावर दचकायला होते.

इंजिनाचा आवाज नसल्याने सस्पेन्शनची प्रत्येक खडखड ऐकू येते आणि त्यातल्या पुष्कळशा तक्रारी बुश किंवा लिंकच्या असतात. वेगाबरोबर चढत जाणारी, ॲक्सिलरेटर सोडल्यावरही न बदलणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. जोर दिल्यावर बदलणारी शीळ असेल, तर मोटर आणि रिडक्शन गिअरकडे पाहावे आणि गिअरचे तेल गळते का, ते तपासावे.

पडदा गोठणे, कॅमेरा न दिसणे अशा गोष्टींसाठी गाडी लॉक करून अर्धा तास एकटी सोडणे हाच बऱ्याचदा पुरेसा उपाय असतो.

गाडी ओढून न्यायची वेळ आली, तर ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. मोटरला जोडलेली चाके जमिनीवर फिरली की मोटर वीज निर्माण करते आणि इन्व्हर्टरला धोका होतो. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिली असेल किंवा तळाला दगडाचा जोराचा फटका बसला असेल, तर ती चालत असली तरी चार्जिंगला लावू नये. इमारतीपासून दूर मोकळ्यावर उभी करून तळाची आणि बॅटरीच्या आवरणाची तपासणी करून घ्यावी.

जुनी गाडी घेताना

चॅसी नंबरवरून रिकॉलची, म्हणजे दोषामुळे कंपनीने गाडी परत बोलावल्याची, माहिती काढणे ही इथली पहिली पायरी आहे. २०२१ मध्ये जनरल मोटर्सने शेव्हरोले बोल्टच्या २०१७ ते २०२२ या मॉडेल-वर्षांच्या सर्व गाड्या रिकॉल केल्या, कारण ॲनोडची (ऋण टोकाची) फाटलेली टॅब आणि सेपरेटरला (दोन टोके वेगळी ठेवणाऱ्या पडद्याला) पडलेली घडी हे दोन दोष एकाच सेलमध्ये आले तर आग लागू शकते, असे आढळले होते. दुरुस्ती होईपर्यंत ९० टक्क्यांपुढे चार्ज करू नये आणि गाडी बाहेर उभी करावी, असे तेव्हा मालकांना सांगण्यात आले होते. अशा रिकॉलचे काम पूर्ण झाल्याचा कागद असेल, तर ती गाडी टाळण्याऐवजी तिच्याकडे जास्त लक्ष द्यावे. काही गाड्यांना त्यात नवी बॅटरी मिळालेली असते.

विक्रेत्याने दाखवलेल्या आरोग्याच्या टक्केवारीवर एकट्यावर विसंबू नये. काही जुन्या मॉडेलांत बॅटरीच्या कंट्रोलरची शिकलेली माहिती पुसता येते आणि मग गाडी काही आठवडे खोटा, चांगला आकडा दाखवते. वर सांगितलेली युनिटची मोजणी करायला वेळ मागावा. तो नाकारला गेला तर निदान २०-२५ किलोमीटर चालवून टक्के किती उतरले आणि सरासरी खप किती होता, हे ताडून पाहावे. गाडी एसीवर आणि डीसीवर, दोन्ही प्रकारे प्रत्येकी १५ मिनिटे चार्ज करून पाहावी, कारण ऑनबोर्ड चार्जरचा दोष चाचणीच्या फेरीत कधीच दिसत नाही. काही देशांत दूरसंचार कंपन्यांनी जुनी टूजी-थ्रीजी नेटवर्क बंद केल्यामुळे सुरुवातीच्या काही गाड्यांची ॲपसेवा कायमची थांबली आहे, तेव्हा ॲप चालते का, हेही पाहावे. छोटी बॅटरी कधी बदलली ते विचारावे आणि बिल नसेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.